गुडघ्याला हळद

आमच्या भागातल्या मारुतीच्या देवळात दर वर्षी सप्ताह बसतो. मी लहान असताना सगळ्या मंडपात मिळून एक खुर्ची असायची, तीही लाकडी, आणि तिच्यावर बत्ती ठेवलेली असायची. यंदा काल्याच्या कीर्तनाला मी खुर्च्या मोजल्या. एकशे चौदा भरल्या. कीर्तनाकडं लक्ष नसलं की माणूस मोजदाद करतो. सतरंज्या होत्या, पण त्यांच्यावर शेंबडी पोरं, पाण्याच्या बाटल्या आणि एका कोपऱ्यात माझी ऐंशी वर्षांची आई. बाकी सगळा भाविक वर्ग प्लास्टिकवर. आरतीनंतर लोटांगणाची वेळ आली तेव्हा एकशे चौदा जणांनी बसल्या जागी मान तुकवली आणि देवानंही ते चालवून घेतलं.

आमचा जालना जिल्हा समर्थ रामदासांचा. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं जन्मगाव. समर्थ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत असं परंपरा सांगते. आम्ही जांबला दर्शनाला जातो, गाडी जितकी आत जाईल तितकी आत नेतो आणि दरवाजाला धरून 'जय जय रघुवीर' म्हणत खाली उतरतो. त्यातला 'जय जय' देवासाठी असतो आणि 'वीर' डाव्या पायासाठी.

माझा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बोलायला लागला. आधी तो फक्त जिना उतरताना बोलायचा, मग चढतानाही, मग नुसतं पेपर आणायला उठलो तरी. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढं धरला आणि म्हणाले, "गादी झिजलीय. सूज फार नाही. आमवात नाही, युरिक ॲसिडही बरं आहे. वापरानं होतं तसं झालंय. आठ किलो वजन उतरवा, रोज चाला, मांडीचे स्नायू घट्ट करा."

या तिन्हींतलं एकही मला आवडलं नाही. म्हणून मी मराठी रोग्याचा हक्काचा प्रश्न विचारला, "डॉक्टर, पथ्य काय?"

"काही नाही. सगळं खा. कमी खा."

तिथंच हे डॉक्टर आमच्या घरातून उतरले. दोन ओळींचं का होईना पथ्य न सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडं डॉक्टर धरत नाहीत. "फी घेतली आणि वांगं सोडा एवढंसुद्धा सांगितलं नाही?" बायको म्हणाली. तिचा चेहरा असा होता की जणू मी लग्नाची पत्रिका तिथीशिवाय छापून आणली होती.

मग पथ्य पुण्याहून आलं. पुण्याला मुलगा आणि सून असतात. सुनेचा फोन आला, "बाबा, अँटी-इन्फ्लमेटरी खायचं. क्लीन ईटिंग." तिनं यादी पाठवली. ऑलिव्ह तेल, सामन मासा, ब्लूबेरी, अक्रोड, पालक, हळद. ती यादी घेऊन मी शेजारच्या शेटजींकडं गेलो. त्यांचं सळई-सिमेंटचं दुकान आहे, पण भाव त्यांना कशाचाही विचारा. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "अँटी-इन्फ्लेशन? म्हणजे महागाईच्या विरुद्धचं? मग हे एवढं महाग कसं?"

सामन माशाबद्दल मी सुनेला सांगितलं की जालन्याहून समुद्र कोणत्याही बाजूनं लांब आहे आणि आम्ही माळकरी. ब्लूबेरीला तिनं स्वतःच पर्याय काढला, जांभूळ. तो बरा होता, पण जांभूळ वर्षातले तीन आठवडे येतं आणि माझा गुडघा बाराही महिने दुखतो.

पहिला बळी गेला वांग्याचा. वांगं वातूळ, ही बायकोच्या माहेरची शिकवण. वाटाणा, वाल, हरभऱ्याची डाळ, बटाटा हेही वातूळ, पण वांगं त्यांचं पुढारी. गंमत म्हणजे सुनेच्या इंग्रजी व्हिडिओतही तेच निघालं. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी एका कुळातली, त्या कुळाला तिकडं 'नाइटशेड' म्हणतात आणि ती म्हणे सांधे सुजवतात. याला भक्कम पुरावा नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण पुराव्याचं काय घेऊन बसलात! सात वर्षांत सासू आणि सून प्रथमच एका मुद्द्यावर एक झाल्या होत्या. तो पुरावा आमच्या घराला पुरेसा होता.

खरं तर वांग्याची चौकशी कशी करतात हे जालन्याला कुणी शिकवायला नको. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली इथं महिको ही बियाणे कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. याच कंपनीचं बीटी वांगं पुढं सरकारपुढं गेलं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, शेतकरी, शास्त्रज्ञ, विरोधक सगळ्यांचं ऐकलं आणि फेब्रुवारी 2010 मध्ये त्या वांग्याला थांबवलं. आमच्या स्वयंपाकघरात सगळीच वांगी थांबली आणि जनसुनावणी शून्य.

आता वांग्याला सुट्टी नवी नाही. आषाढात कांदेनवमीला भरपेट वांगी खाऊन चातुर्मासात ती बंद करायची आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून उघडायची, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. चंपाषष्ठीला मी ताटात भरीत बघितलं आणि बायकोकडं बघितलं. "नैवेद्याला पथ्य नसतं," ती म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढलं. मिरचीचा विषय तर कुणी काढलाच नाही. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. ठेच्याशिवाय या जिल्ह्यात भाकरी घशाखाली उतरते ती फक्त आजारी माणसाच्या. त्यामुळं नाइटशेडच्या कुळातून मिरचीला आम्ही परस्पर दत्तक देऊन टाकलं.

आंबटाचंही तसंच. आंबट खाल्लं की सांधे धरतात, असं आमच्याकडं सगळे सांगतात. सून म्हणते, क जीवनसत्त्व हवं. आता जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, 2012-13 च्या दुष्काळात डोळ्यांदेखत बागा वाळल्या तरी लोकांनी पुन्हा लावलेलं हे फळ. तिला आंबट ठरवून घराबाहेर काढणं म्हणजे जिल्ह्याशी गद्दारी. शेवटी मोसंबीला गोड ठरवण्यात आलं. इंग्रजीत तिला 'स्वीट लाइम', म्हणजे गोड लिंबू म्हणतात, हा मुद्दा बैठकीत दाबला गेला.

हळदीचं प्रकरण जास्त गंभीर होतं. रात्री झोपताना हळदीचं दूध, त्यात मिरपूड. मिरपूड कशाला, असं मी विचारलं तर सुनेनं शास्त्र सांगितलं आणि ते खरं निघालं. हळदीतलं करक्युमिन अंगाला फार थोडं लागतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं की मिऱ्यातलं पाइपरीन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात ते दोन हजार टक्क्यांनी जास्त उतरतं. मी भारावून गेलो. त्याच्या तीनच वर्षं आधी अमेरिकेत हळदीनं जखम बरी करण्याचं पेटंट दिलं गेलं होतं आणि आपल्या रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन 1997 मध्ये ते रद्द करवून घेतलं होतं. एवढा लढा देऊन परत आणलेली हळद आपण नाही प्यायची तर कुणी?

पण मी मास्तर होतो, आणि गणिताचा. बंगळुरूच्या त्या प्रयोगात दिलं होतं दोन ग्रॅम करक्युमिन. आपल्या डब्यातल्या हळदीत ते असतं शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे दोन ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद, एका वेळेला. एवढी हळद माझ्या लग्नातसुद्धा मला लागली नव्हती. आम्ही टाकत होतो अर्धा चमचा, आणि तो खाली जावा म्हणून वर दोन चमचे साखर.

ऑलिव्ह तेलाचंही गणित केलं, कारण मुलानं येताना एक बाटली आणली होती आणि तिची किंमत त्यानं सोलून काढली होती. त्या तेलात एक द्रव्य असतं, ते दुखण्याच्या गोळीतल्या आयबुप्रोफेनसारखं काम करतं, हे 2005 साली सिद्ध झालंय. किती? रोज पन्नास ग्रॅम तेल प्यायलं तर दुखण्यावरच्या औषधाचा एक दशांश भाग. पूर्ण मात्रा हवी तर अर्धा लिटर. बायकोनं ती बाटली देवघराच्या वर ठेवलीय. पाहुण्यांना दिसते.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. आमच्या लोकांचा एक स्वभाव आहे, तो मला या दोन वर्षांत नीट कळला. आम्ही पथ्य पाळतो ते जेवण झाल्यावर. सकाळी पोहे, त्यानंतर पथ्याचे अक्रोड. दुपारी चार पोळ्या, त्यानंतर पथ्याची एक भाकरी, ज्वारी चांगली म्हणून. चारला चहा-खारी, आणि सांध्यांना वंगण हवं म्हणून डिंकाचा लाडू. वाताला मेथीचा. हाडांना अळिवाचा. हे तिन्ही लाडू तुपात वळलेले, गूळ-खोबरं घातलेले, आणि औषध असल्यामुळं एकही चुकवायचा नाही. मागं एकदा शेजारणीनं माझ्या डोळ्यांदेखत बायकोला विचारलं, "पथ्य चालू आहे का साहेबांचं?" बायको अभिमानानं म्हणाली, "हो ना, काही सोडत नाहीत."

जवसाची तेवढी एक गोष्ट सांगतो. सुनेनं पुण्याहून चकचकीत पुडीत 'फ्लॅक्स सीड्स' आणल्या आणि दह्यावर अख्ख्या भुरभुरवल्या. ओमेगा-3 भरपूर असतं त्यात, ते खरंच. आई बघत होती. म्हणाली, "कोंबड्यांना टाकल्यासारखं काय टाकायलीस गं?" आणि उठून तव्यावर जवस भाजलं, लसूण-मिरची-मीठ घालून खलबत्त्यात कुटलं. नंतर सुनेनंच वाचून सांगितलं की अख्खं बी पोटात जसं जातं तसं बाहेर येतं, कुटल्याशिवाय त्यातलं तेल अंगी लागत नाही. आईला ते ओमेगा माहीत नव्हतं. कुटल्याशिवाय चव येत नाही, एवढं माहीत होतं.

सहा महिन्यांनी शेटजींच्या दुकानात बसलो असताना मी डॉक्टरांचं बोलणं सहज काढलं. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठानं 2005 साली मोजून दाखवलंय म्हणे की शरीराचं वजन एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला चार किलोनं उतरतो. शेटजींचे डोळे चमकले. माणसाला आपल्या धंद्याचं गणित सापडलं की तो सगळं ऐकतो.

"म्हणजे आठ किलोचे बत्तीस," ते म्हणाले. "थांबा." जालन्यात लोखंड लहान पोरालाही कळतं, गावाबाहेर सळयांचे कारखाने आहेत आणि इथली सळई महाराष्ट्रभर जाते. सळईचं वजन काढायचं सूत्र इथल्या मिस्त्रीला पाढ्यासारखं पाठ असतं, व्यासाचा वर्ग भागिले एकशे बासष्ट. बारा एमएमची सळई मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. अख्खी सळई बारा मीटरची, म्हणजे दहा किलो सहाशे साठ. शेटजींनी बिलबुकाच्या पाठीवर हिशोब केला. "मास्तर, बरोबर तीन सळया. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा गुडघ्यावर बारा एमएमच्या तीन सळया जास्तीच्या घेऊन टाकता."

मग ते म्हणाले, "या इकडं," आणि मला लोखंडाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. डॉक्टरांकडं मी चौऱ्याऐंशी होतो. सहा महिन्यांच्या अँटी-इन्फ्लमेटरी आहारानंतर सत्त्याऐंशी भरलो.

"अकरा चोक चव्वेचाळीस," शेटजी म्हणाले. "चार सळया आणि वर दीड मीटरचा तुकडा."

गुडघे बदललेल्या माणसाबद्दल आमच्याकडं 'त्यानं सळई टाकली' असं म्हणतात. मी सळई न टाकताच चार वाहत होतो.

घरी येऊन मी आईची बाजू घेतली. म्हटलं, बंद करा हे लाडू आणि अक्रोड. आई बघा. जन्मभर ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, करडईची भाजी, अंबाडी, जवसाची चटणी. या वयातही सप्ताहात खाली सतरंजीवर बसते. सगळा जिल्हा खुर्चीवर आणि ती खाली! आपल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच का? आतापासून आपण फक्त आईसारखं खायचं.

माझं भाषण चांगलं झालं होतं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अरे बाबा, खुर्च्या संपल्या होत्या."

मला कळलं नाही.

"मी उशिरा आले. एक बी खुर्ची मोकळी नव्हती. तू बसला होतास की एका खुर्चीत. मग मी खाली बसले. उठताना दोघींनी धरून उठवलं, तू चप्पल हुडकायला गेला होतास."

आई उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवते आणि विठ्ठलाचं नाव घेते. इतकी वर्षं मी तो भक्तिभाव समजत होतो.

"दुखतात?" मी विचारलं.

"बाहत्तरपासनं." बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. दिवसभर उकिडवं बसून हातोडी. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. त्याच्या आधी आणि नंतर डोक्यावर दोन हंडे, निंदणी, खुरपणी, जात्यावर बसणं, पाच बाळंतपणं. "भाकरीनं गुडघे शाबूत राहिले असते तर आपल्या गावात एक बी म्हातारी काठी धरून चालली नसती," ती म्हणाली. "आम्ही भाकर खाल्ली कारण गहू नव्हता. तुला पाहिजे तर खा. पण चार पोळ्यांच्या वर नको खाऊ."

हे सगळं ती तांदळातून डोकं वर न काढता बोलली. मी आजवर खूप जणांना सांगितलंय की जुन्या माणसांचे सांधे त्यांच्या खाण्यामुळं चांगले होते. आता सांगत नाही. त्यांचं वजन वाढलं नाही हे खरं, पण त्यांच्या गुडघ्यांवर बाकी सगळ्याचं वजन होतं, आणि दुखतंय असं सांगायची पद्धत नव्हती. ज्वारीचा यात काही दोष नाही. चांगलं धान्य आहे, पोट भरल्याची जाणीव लवकर होते, भाकरीबरोबर माणूस पोळीइतकं तेल-तूप खात नाही. डॉक्टरही तिला नाही म्हणाले नाहीत. ते कशालाच नाही म्हणाले नव्हते, हीच तर आमची तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. आईला त्याच डॉक्टरांकडं नेलं, रिक्षानं, पायरीशी उतरवून. तिला त्यांनी गोळी, पट्टा आणि खुर्चीत बसून करायचा पायाचा व्यायाम दिला. तिनं विचारलं, "पथ्य?" डॉक्टर माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही लाडू खा. यांना देऊ नका." डॉक्टर आमच्या घरात पुन्हा बसले.

दुसरी गोष्ट, मी मोतीबागेत चालायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी अर्धी फेरी. तिथं सकाळी निम्मं जालना असतं आणि प्रत्येकाजवळ गुडघ्याचं एक औषध असतं. एक गृहस्थ 2006 च्या चिकुनगुनियापासून सांधे दुखतात म्हणून आजही कोंबडीला शिव्या देतात. त्यांना मी सांगून पाहिलं की तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे, त्याचा अर्थ वाकून जाणं, आणि रोग डासामुळं होतो. ते म्हणाले, "असेल, पण नावात चिकन आहे ना?" त्यांच्याशी वाद घालत मी पूर्ण फेरी कधी मारली ते कळलं नाही. वाद घालणारा माणूस सोबत असला की गुडघा कमी बोलतो, त्याला मधे जागा मिळत नाही.

वांगं परत आलंय. हळदीचं दूध बिनसाखरेचं झालं, म्हणून आपोआप बंद पडलं. ऑलिव्ह तेल देवघरावर आहे. पोळ्या चारच्या दोन झाल्या, किंवा त्याऐवजी दोन लहान भाकरी, दोन्ही नाही. लाडूचा डबा आईच्या खोलीत गेला आणि त्याची किल्ली तिच्या कमरेला. आणि पुढच्या सप्ताहासाठी मी आत्ताच मंडळाला अकराशे रुपये वर्गणी देऊन पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिच्यासाठी धरायला सांगितलीय. माझ्यासाठी सतरंजी. बसता येतं, उठायचं बघू.

काल शेटजींनी पुन्हा काट्यावर घेतलं. साडेएक्क्याऐंशी. त्यांनी दुकानाच्या कॅलेंडरवर माझ्या नावानं खातं उघडलंय, त्यात लिहिलं: दोन सळया जमा, दोन बाकी, तुकडा सोडला.